विश्लेषण : मुंबई इंडियन्सने राखीव फळी का बदलली? १५ खेळाडूंचा खर्च एकट्या बोल्टपेक्षा कमी कसा?

रोहित राहिला, बुमरा राहिला, सूर्या, हार्दिक आणि तिलकही राहिले. १५ नोव्हेंबरला मुंबई इंडियन्सची यादी आली तेव्हा शिंदखेड्यापासून दोंडाईचापर्यंत बहुतेकांनी मोबाइलवर एवढेच पाहिले आणि स्क्रीन पुढे सरकवली. त्याच यादीच्या तळाशी संघाने मुक्त केलेल्या आठ जणांची नावे होती. महिनाभराने, १६ डिसेंबरला अबुधाबीतील लिलावात मुंबईने रिकाम्या जागा भरल्या. कॅमेरून ग्रीनवर कोलकात्याने २५.२० कोटी ओतल्याची बातमी दिवसभर फिरत राहिली. मुंबईची खरेदी मात्र संपूर्ण मिळून २.२० कोटींची होती. तरीही आयपीएल २०२६ मध्ये मुंबई कुठवर जाईल हे ठरवण्यात या छोट्या रकमेचा वाटा मोठा असणार आहे.

कोण गेले, कोण आले?

विघ्नेश पुथूर, कर्ण शर्मा, सत्यनारायण राजू, के. एल. श्रीजीत, बेव्हन जेकब्स, रीस टोपली, मुजीब उर रहमान आणि लिझाड विल्यम्स यांना संघाने सोडले. अर्जुन तेंडुलकर ३० लाखांत लखनऊकडे गेला. त्याच लखनऊकडून पालघरचा शार्दूल ठाकूर २ कोटींत आला. गुजरातकडून शेरफेन रुदरफर्ड २.६० कोटींत आणि कोलकात्याकडून जुना भिडू मयंक मार्कंडे ३० लाखांत मिळाला. या तिन्ही अदलाबदली लिलावाच्या आधीच पार पडल्या.

लिलावात उतरताना मुंबईच्या हातात होते २.७५ कोटी, म्हणजे दहा संघांत सर्वांत कमी. त्यातून १ कोटीला क्विंटन डी कॉक घेतला. दानिश मालेवार, अथर्व अंकोलेकर, मयंक रावत आणि मोहम्मद इझहार हे चौघे प्रत्येकी ३० लाखांत आले. संघ २५ जणांचा झाला आणि ५५ लाख शिल्लक राहिले.

पैसे गेले कुठे?

प्रत्येक संघाला १२५ कोटींची मर्यादा आहे. बुमरा १८ कोटी, हार्दिक आणि सूर्यकुमार प्रत्येकी १६.३५, रोहित १६.३० आणि तिलक ८ कोटी. पाच जणांचे इथेच ७५ कोटी झाले. पुढे ट्रेंट बोल्ट १२.५०, दीपक चहर ९.२५, नमन धीर आणि विल जॅक्स प्रत्येकी ५.२५, अल्लाह गझनफर ४.८० कोटी. या दहा जणांची बेरीज ११२.०५ कोटी होते.

उरलेल्या पंधरा खेळाडूंचा एकत्रित खर्च १२.४० कोटी. म्हणजे शार्दूल, सँटनर, रिकल्टन, डी कॉक, रुदरफर्ड यांच्यासह पंधरा जण एका पारड्यात आणि एकटा बोल्ट दुसऱ्या पारड्यात ठेवला, तरी बोल्टचे पारडे १० लाखांनी जड. त्यामुळे राखीव फळीची निवड मुंबईला लिलावात बोली चढवून करता येत नाही. अदलाबदली, मूळ किमतीतली खरेदी आणि इतरांनी दुर्लक्ष केलेला खेळाडू हेरणे, एवढेच मार्ग उरतात.

बाकावरच्यांचे एवढे काय महत्त्व?

गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत बारावा गडी म्हणजे पाणी आणणारा किंवा धावफलक लिहिणारा. आयपीएलमध्ये २०२३ पासून ‘इम्पॅक्ट प्लेअर’चा नियम आला आणि हे चित्र बदलले. नाणेफेकीच्या वेळी संघ अकरा जणांबरोबर पाच राखीव नावे देतो आणि त्यातील एकाला सामन्याच्या मध्यात उतरवता येते. अकरात आधीच चार परदेशी असतील तर तो भारतीयच असावा लागतो. मुंबई बहुतेकदा चार परदेशी घेऊनच उतरते, त्यामुळे बाकावर बसलेला स्वस्तातला भारतीय खेळाडू हाच प्रत्यक्षात बारावा खेळाडू ठरतो.

गेला हंगाम आठवून पाहा. ३१ मार्चला वानखेडेवर मुंबईला हंगामातला पहिला विजय मिळाला तो अश्वनी कुमारमुळे. ३० लाखांच्या या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाने पदार्पणातच कोलकात्याचे २४ धावांत ४ बळी घेतले. पहिल्या पाचपैकी चार सामने हरल्यावर १३ एप्रिलला दिल्लीत सलग सहा विजयांची मालिका सुरू झाली. त्या दिवशी इम्पॅक्ट प्लेअर म्हणून उतरलेल्या कर्ण शर्माने ३६ धावांत ३ बळी घेतले आणि सामनावीराचा मान मिळवला. शेवटी रिकल्टन, जॅक्स आणि बॉश राष्ट्रीय संघाकडे परतले, तेव्हा गुजरातविरुद्धच्या एलिमिनेटरमध्ये बदली आलेल्या जॉनी बेअरस्टोने २२ चेंडूंत ४७ धावा ठोकल्या. २०२४ मध्ये तळाला गेलेली मुंबई २०२५ मध्ये क्वालिफायर २ पर्यंत पोहोचली, त्यात या बदलीच्या माणसांचा वाटा होता.

मग त्यांनाच का सोडले?

काही निर्णय सरळ आहेत. मुजीब हा जखमी गझनफरच्या जागी आला होता आणि गझनफर परतला. लिझाड विल्यम्स दुखापतीमुळे हंगामाआधीच बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी आलेला कॉर्बिन बॉश संघात टिकला. सामनावीर ठरूनही कर्णला जावे लागले, कारण तो ३८ वर्षांचा आहे आणि मार्कंडे २८. अर्जुनला २०२५ मध्ये एकही सामना मिळाला नव्हता, त्यामुळे लखनऊला जाण्यात त्याचेही नुकसान नाही.

डी कॉकची खरेदी तर या लिलावातला सर्वांत शहाणा व्यवहार म्हणावा लागेल. २०१९ आणि २०२० अशी मुंबईची दोन विजेतेपदे त्याने जवळून पाहिली आहेत. गेल्या वर्षी ३.६० कोटींचा असलेला हा सलामीवीर-यष्टीरक्षक १ कोटीत आला. रिकल्टन पुन्हा अर्ध्यातून गेला किंवा सूर हरवून बसला, तर धावाधाव करावी लागणार नाही.

प्रश्न आहे तो विघ्नेश पुथूरचा. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातला, रिक्षाचालकाचा हा मुलगा. केरळच्या वरिष्ठ संघाकडून एकही सामना न खेळता, केवळ केरळ क्रिकेट लीगमधील कामगिरीवर मुंबईने त्याला हेरले. २३ मार्चला चेन्नईत रोहितच्या जागी इम्पॅक्ट प्लेअर म्हणून तो उतरला आणि ऋतुराज गायकवाड, शिवम दुबे, दीपक हुडा असे तीन बळी त्याने घेतले. पाच सामन्यांत सहा बळी झाले आणि नडगीच्या हाडांच्या दुखापतीने हंगाम संपला. त्याच्या जागी १ मे रोजी रघू शर्मा आला. नोव्हेंबरच्या यादीत रघू राहिला, विघ्नेश गेला.

दुखापतीच्या काळात मुंबईने त्याला संघासोबत ठेवले, उपचारांची जबाबदारी घेतली, हे मान्य करायला हवे. पण हंगाम खेळतानाच जायबंदी झालेल्या नवख्या खेळाडूला तंदुरुस्त होऊन स्वतःला सिद्ध करण्यासाठी पुढचा एक हंगाम मिळायला हवा होता. ३० लाखांचा प्रश्न होता, आणि तेवढेच, किंबहुना जास्त पैसे लिलावानंतर मुंबईकडे शिल्लक राहिले आहेत. पंचविसाव्या जागेवर दुसरे कोणी हवे होते, हा संघाचा हक्क आहे. तरीही एकदाही राष्ट्रीय संघात न खेळलेला खेळाडू हंगामात जखमी झाला, तर त्याला एक वर्ष यादीत राखण्याची आणि ती जागा पंचविसात न मोजण्याची तरतूद बीसीसीआयने करायला हरकत नाही. संघांना ती जड जाणार नाही.

खेळायला मिळाले नाही, तर किती नुकसान?

२०२५ पासून करारातील रकमेखेरीज प्रत्येक सामन्याला साडेसात लाख रुपये मानधन मिळते. ते अकरा जणांना आणि मैदानात उतरलेल्या इम्पॅक्ट प्लेअरला. ३० लाखांच्या खेळाडूने साखळीतले सर्व १४ सामने खेळले, तर त्याचे आणखी १.०५ कोटी होतात. बाकावरच राहिला, तर ३० लाख. चौदाच सामने, पण कमाईत साडेचार पटींचा फरक.

खान्देशातल्या मुलांनी यातून काय पाहावे?

नवी नावे इथे जवळची आहेत. नागपूरच्या दानिश मालेवारने २०२४-२५ च्या रणजी अंतिम सामन्यात केरळविरुद्ध १५३ आणि ७३ धावा करून विदर्भाला करंडक जिंकून दिला. मुंबईच्या अथर्व अंकोलेकरची आई ‘बेस्ट’च्या बसमध्ये कंडक्टर. २०१९ च्या १९ वर्षांखालील आशिया चषकाच्या अंतिम लढतीत भारताच्या १०६ धावांचा बचाव करताना त्याने २८ धावांत ५ बळी घेतले होते. तिथून आयपीएलच्या करारापर्यंत यायला सहा वर्षे गेली.

धुळे आणि जळगाव हे जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतात, मुंबईच्या नाही. संघटनेची महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी, नाशिक असे संघ उतरले. खान्देशच्या नावाचा संघ त्यात नव्हता. शिंदखेड्याच्या मुलाला जवळचा म्हणावा असा एक संघ नाशिकचा. विघ्नेशला मुंबईच्या नजरेत आणणारी केरळ क्रिकेट लीग अशीच राज्यातली स्पर्धा होती.

विघ्नेशला राजस्थान रॉयल्सने लिलावात घेतले आहे. किंमत तीच, ३० लाख.