झऱ्याची ऊब आणि पायाचा चटका

मागच्या शुक्रवारी एशियन टाउनमध्ये मुलीला हेलियमचा फुगा घेऊन देत होतो. तेवढ्यात गावाहून काकांचा फोन आला, "मे महिन्यात येशील ना? परत कुंडावर जाऊ." मला काही बोलवेना. म्हणून हा लेखप्रपंच.

वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी. यातल्या एखाद्या कुंडात आपण सर्वांनीच कधीतरी पाय बुडवले असतील. खाली ज्वालामुखी आहे, असे लहानपणी ऐकलेले. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाचा, हे खरे. पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची धग केव्हाच निवली. मग पाणी तापते कशाने? पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते. दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. खाली तापलेले पाणी भेगांतूनच वर येते. भूगर्भातल्या या उष्णतेपैकी जवळजवळ निम्मी युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गी विघटनातून येते. युरेनियम-थोरियमच्या विघटनात हेलियमही तयार होतो. बंगालमधल्या बक्रेश्वरच्या झऱ्यांतून तो बाहेर पडतो, आणि आपल्या रास लफानला नैसर्गिक वायूतून वेगळा काढला जातो. म्हणजे मुलीचा फुगा आणि काकांचे कुंड तसे एकाच घरचे!

'किरणोत्सर्गी' शब्दाने काहीजण घाबरतात, तर काहींना त्यात दैवी शक्ती दिसते. माझ्या मते दोन्ही चूक. खोल खडकाने पाणी तापवले म्हणून ते घातक होत नाही. इराणच्या रामसरसारखे रेडियम वाहून आणणारे झरे अपवादाचे. पण किरणोत्सर्ग म्हणजे औषधही नव्हे. रेडॉन वायूने फुप्फुसाचा कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 'ऊर्जा' देणारी काही पदके किरणोत्सर्गी निघाल्याने २०२१ मध्ये नेदरलँड्स सरकारला इशारा द्यावा लागला. अशा वस्तूंवर कष्टाचे रियाल घालवू नका.

खरा धोका साध्या उष्णतेचा आहे. दोन वर्षांपूर्वी काका गुडघ्यांसाठी कोकणातल्या एका कुंडात पाय सोडून बसले. मी पाण्यात हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. काका म्हणाले, "मला तर कोमटच लागतंय." मी इंजिनिअर, पण त्या वाक्याचा अर्थ मला कळला नाही. पंधरा वर्षांच्या मधुमेहाने त्यांच्या पायांची संवेदना गेली होती. फोड आले, जखम चिघळली आणि करंगळी काढावी लागली.

तेव्हा मंडळी, सुट्टीत आई-वडिलांना कुंडावर अवश्य न्या. पण त्याआधी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. हृदयविकार वा रक्तदाब असल्यास त्यांचा सल्ला घ्या. पाण्यात आधी आपले कोपर बुडवून बघा. सहलीच्या खर्चात तपासणीचा खर्च आधी धरा, गाडीचा नंतर.

काकांना मी आज फोन करणार आहे. कुंडावर जाऊ, पण ते काठावर बसतील आणि पाय फक्त माझे पाण्यात असतील.