हुन्नराच्या जोडीला इंग्रजी

शेतकरी व कारागीर बंधूंनो, आपला लोहाराचा पोर वागळे इस्टेटीत लेथ उत्तम चालवितो. पण नकाशावरील इंग्रजी सूचना वाचण्यास दुसऱ्याचे तोंड पाहतो. हुन्नर त्याचा, मुकादमी दुसऱ्याची!

डोंबिवलीत २०१६ व २०२४ साली कारखान्यांत स्फोट होऊन मजूर प्राणास मुकले. त्याची कारणे वेगळी असतील. परंतु पिंपावरचे ‘फ्लेमेबल’ ज्यास वाचता येत नाही, त्याने आपला जीव कोणाच्या भरवशावर ठेवावा?

जोतीरावांनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. १८८२ साली हंटर कमिशनाकडे शेतकीचे व्यवहारी ज्ञान शाळेत द्या, असे मागणे केले. तोच धागा धरावा. ठाणे, अंबरनाथ येथील सरकारी आय.टी.आय.त प्रौढांचे सायंवर्ग भरवावे. व्याकरणाची पोथी नको. यंत्र समोर ठेवून त्याच्या भागांची नावे, मापे, धोक्याच्या पाट्या व पगाराची चिठ्ठी इंग्रजीत वाचावयास शिकवावे. समजावणी मराठीतच असावी.

“चाळिशीत काय इंग्रजी येणार?” असे कोणी हिणवील. जो नुसत्या नजरेने सुताचा फरक ओळखतो, त्यास सव्वीस अक्षरे जड नाहीत. गावोगाव ठराव करून ही मागणी सरकारकडे धाडा. मागितल्यावाचून आपणांस आजवर काय मिळाले?