जहाज सोडणे हा गुन्हा कसा?

आपल्यापैकी एखादा ट्रॅकमन किंवा पोस्टमन उद्या नोकरी सोडून गेला तर प्रशासन काय करील? नोटिशीच्या मुदतीचा पगार कापील, क्वार्टर रिकामे करायला सांगेल, न कळवता गेला असेल तर चार्जशीट देऊन काढून टाकील. पण पोलीस पाठवून, बेड्या घालून त्याला पुन्हा गँगवर आणून उभा करणार नाही. खलाशाच्या बाबतीत मात्र जगातल्या बहुतेक बंदरांत नेमके हेच होत असे, आणि तेही कायद्याने. रेल्वे-पोस्टाच्या कामगाराला याच्याशी काय देणेघेणे, असा प्रश्न काही साथी विचारतील. देणेघेणे आहे.

ब्रिटिश पार्लमेंटने १८५२ साली परदेशी जहाजांवरून पळालेल्या खलाशांसाठी खास कायदा केला. तत्त्व देवघेवीचे होते. तुमच्या बंदरात आमचा पळाला तर तुम्ही पकडून द्या, आमच्या बंदरात तुमचा पळाला तर आम्ही देऊ. त्या देशाच्या कॉन्सलने अर्ज करायचा, मॅजिस्ट्रेटने वॉरंट काढायचे, पोलिसांनी माणूस शोधून कप्तानाच्या ताब्यात द्यायचा. १८९४ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टमध्येही हीच तरतूद आली. तिच्यात एक छोटी अट होती. पळालेला इसम गुलाम नसावा! म्हणजे गुलाम असेल तर त्याला परत करायचे नाही, कारण ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली होती. पण तो स्वतंत्र माणूस असेल आणि करारावर त्याने स्वतः सही किंवा अंगठा केला असेल, तर मात्र त्याला धरून न्यायचे. मालकवर्गाचे कायदे बारकाईने वाचावेत ते यासाठी.

गोरे साहेब गेले तरी हे कलम गेले नाही. स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यातही ते जवळजवळ तसेच उतरले. आपल्या पळालेल्या खलाशांना पकडून देण्याची सोय ज्या देशाने केली, त्या देशाच्या जहाजावरून इथे उतरून गेलेल्याला, कॉन्सलच्या अर्जावरून, कोर्टाने पकडून पुन्हा जहाजावर चढवावे. आपल्या स्वतःच्या खलाशासाठीही त्यात मिळवलेला पगार आणि जहाजावर राहिलेले सामान जप्त करण्याची आणि सी.डी.सी. निलंबित करण्याची तरतूद होती. सी.डी.सी. गेली की खलाशाची रोजीरोटी गेली.

ही साखळी पहिल्यांदा तुटली ती अमेरिकेत. तिथला एक खटला प्रत्येक युनियन कार्यकर्त्याला माहीत असायला हवा. 'अरागो' नावाच्या जहाजावरच्या चार खलाशांनी सॅन फ्रान्सिस्कोत करार केला आणि वाटेत ऑरेगॉनमधील ॲस्टोरिया बंदरात काम सोडले. त्यांना पकडून तुरुंगात ठेवले आणि जहाज निघायच्या वेळी जबरदस्तीने परत चढवले. तिथे त्यांनी कामाला हात लावायला नकार दिला, म्हणून पुन्हा अटक. अमेरिकन घटनेच्या १८६५ च्या दुरुस्तीने सक्तीची चाकरी बंद केली होती, तिचा आधार घेऊन ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १८९७ साली कोर्टाने सांगितले की ती दुरुस्ती खलाशांना लागू नाही, हा वर्ग जुन्या काळापासून वेगळा आहे, अज्ञान मुलांसारखा सांभाळावा लागणारा आहे. न्यायमूर्ती हार्लन एकटेच विरोधात उभे राहिले.

कोर्टात हरल्यावर खलाशांच्या युनियनने कायदाच बदलायचे ठरवले. पुढारी होता अँड्र्यू फ्युरुसेथ, नॉर्वेत जन्मलेला, स्वतः डोलकाठीवर चढलेला खलाशी. वर्षानुवर्षे तो वॉशिंग्टनमध्ये खासदारांच्या दारात बसला. ४ मार्च १९१५ रोजी 'सीमेन्स ॲक्ट' झाला. जहाज सोडल्याबद्दलची अटक बंद झाली. पळालेले खलाशी परत करण्याबाबत इतर देशांशी केलेल्या तहांतील कलमेही रद्द करण्याचा आदेश सरकारला मिळाला. म्हणजे अमेरिकन बंदरात नांगर टाकलेल्या परदेशी जहाजावरचा खलाशीसुद्धा मोकळा झाला. बंदरात साठलेल्या पगारापैकी अर्धा मागण्याचा हक्कही मिळाला आणि १९२० साली सुप्रीम कोर्टाने तो परदेशी जहाजांवरही मान्य केला.

फ्युरुसेथने हे परक्यांवरच्या दयेपोटी केले नाही. त्याचा हिशोब रोखठोक होता. परदेशी खलाशी निम्म्या-पाव पगारावर बांधलेला आहे तोवर आपला पगार वाढणार नाही. तो सुटू शकला तर त्याला टिकवायला मालकाला पगार वाढवावाच लागेल. आपल्या स्टेशनांवर आणि यार्डांत ठेकेदाराचे कामगार आपल्या शेजारी काम करतात, टपाल खात्यात ग्रामीण डाक सेवक खेडोपाडी टपाल पोचवतात. त्यांच्याकडे 'ते आपल्यातले नाहीत' असे पाहणाऱ्या साथींनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा.

पण फ्युरुसेथचे कौतुक डोळे मिटून करता येत नाही. त्याच कायद्यात प्रत्येक विभागातील ७५ टक्के खलाशांना अधिकाऱ्यांचे हुकूम समजले पाहिजेत अशी भाषेची अट होती. सुरक्षिततेचे कारण दाखवले गेले, पण रोख आशियाई खलाशांना हटवण्यावर होता. तेव्हा ब्रिटिश जहाजांवर रत्नागिरीचे लोक डेकवर, गोव्याचे सलूनमध्ये, बंगालचे आणि पंजाबचे इंजिनखोलीत राबत होते, गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या छोट्याशा हिश्शावर. गंमत अशी की ज्यांना तो दूर ठेवू पाहत होता, त्या लास्करांनीच या कायद्याचा फायदा घेतला. बंगालचे कित्येक जण न्यूयॉर्क आणि बाल्टिमोरला उतरून गेले, कारखान्यांत आणि हॉटेलांत कामाला लागले. १९१७ च्या इमिग्रेशन कायद्याने आशियाई कामगारांना दार बंद केले होते, त्यामुळे त्यांना लपूनछपून राहावे लागले. तरी बेड्या घालून त्याच जहाजावर, त्याच सारंगाच्या हाताखाली परत जायची भीती राहिली नाही. ब्रिटिश बंदरांत असे नव्हते. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी पगारवाढीसाठी जहाजे अडवली, तेव्हा शेकडो जणांना तुरुंगात टाकले. पगारवाढ मिळाली ती त्यानंतर.

एक आक्षेप हमखास येतो. भर समुद्रात खलाशी काम टाकून बसला तर? हा आक्षेप आपल्याला नवा नाही. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १७३ प्रमाणे रनिंग स्टाफने ड्युटी न सोपवता गाडी वाटेत सोडली तर तुरुंग आहे, आणि कोणताही जबाबदार ड्रायव्हर किंवा गार्ड त्याला विरोध करणार नाही. फ्युरुसेथनेही समुद्रावरची शिस्त मान्यच केली होती. प्रश्न फक्त सुखरूप बंदरात दोरखंड बांधल्यावरचा आहे. गाडी टर्मिनसला लागल्यावर ड्रायव्हर घरी जातो. खलाशाने का जाऊ नये? कराराचा भंग झाला असेल तर मालकाने दिवाणी दावा करावा. आपल्याकडेही उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगात टाकणारा १८५९ चा कायदा होता. तो १९२५ साली रद्द झाला. खलाशाचे कलम मात्र पुढे आणखी कित्येक दशके चालले. १९७४ च्या मे महिन्यातील संपात पोलिसांनी क्वार्टरमधून उचलून कामावर नेलेल्या साथींच्या आठवणी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना 'परत चढवणे' म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

आज बेड्यांची गरज उरलेली नाही, कागद पुरतात. उतरण्याचा परवाना नसलेल्या खलाशाला जहाजावरच रोखून धरण्याची जबाबदारी अमेरिकेने जहाजावर टाकली आहे, नाहीतर दंड. आणि मालक कर्जबाजारी होऊन जहाजच टाकून देतो, तेव्हा पळणारा मालक असतो आणि अडकतो खलाशी. २०१७ साली इजिप्तमध्ये 'अमान' हे जहाज जप्त झाले. तिथल्या कोर्टाने त्यावरच्या एका सीरियन अधिकाऱ्याला जहाजाचा कायदेशीर राखणदार नेमले. जहाज विकले जाईपर्यंत किंवा दुसरा राखणदार मिळेपर्यंत त्याला देश सोडता येईना. पुढे जहाजावर वीज नाही, सोबतीला कोणी नाही, मोबाइल चार्ज करायला पोहत किनाऱ्यावर जायचे. असा तो २०२१ च्या एप्रिलपर्यंत अडकून होता. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने २०२४ या एका वर्षात अशी ३०० हून अधिक टाकलेली जहाजे आणि ३ हजारांहून अधिक खलाशी नोंदवले. त्यांत सर्वांत जास्त संख्या भारतीयांची होती.

आय.एल.ओ.च्या तज्ज्ञ समितीने खलाशांना सक्तीने जहाजावर परत पाठवणाऱ्या कायद्यांबद्दल पाकिस्तान, बांगलादेश आणि इतर अनेक देशांना वर्षानुवर्षे टोकले आहे. भारताने सक्तीच्या श्रमाविरुद्धचा १०५ क्रमांकाचा करार २००० साली आणि सागरी कामगार करार २०१५ साली मान्य केला. संसदेने २०२५ मध्ये नवा व्यापारी नौवहन कायदा केला आहे. त्याच्या नियमांबाबत आपल्या महासंघाने नाविक संघटनांच्या बरोबरीने दोन मागण्या लावून धराव्यात. बंदरात जहाज सोडल्याबद्दल कोणत्याही देशाच्या खलाशाला अटक करून परत चढवू नये. आणि मालकाने टाकलेल्या जहाजावर राखणीसाठी माणूस हवा असेल तर तो बंदर प्रशासनाने पगार देऊन नेमावा. अडकलेल्या खलाशाला आधी घरी पाठवावे. आमच्या शाखेकडून या अर्थाचा ठराव पुढच्या वर्किंग कमिटीकडे येत आहे. मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि कोचीच्या साथींनी आपापल्या बंदरांतील प्रकरणे लेखी घेऊन यावे.