निरोपाची जामीनकी

पूर्वीं गांवांत एकादी बातमी कर्णोपकर्णीं पसरावयास दोन-चार दिवस लागत, आणि तेवढ्या अवधींत तिचें खरेंखोटें पुष्कळसें बाहेर पडे. कोणीं सांगितलें, केव्हां सांगितलें, सांगणाऱ्याचा लौकिक कसा, याची विचारपूस होई. आज व्हॉट्सॲपवरील कुटुंबाच्या गटांत आलेला निरोप बोटाच्या एका स्पर्शानें माजघरांतून परगांवच्या आप्तांपर्यंत पोहोंचतो. विचारपुशीला मध्यें उसंतच उरत नाहीं. या साधनाचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. दूर दिलेल्या लेकीची खुशाली रोज कळावी, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु सोयीबरोबर जी जबाबदारी आपल्या पदरीं आली आहे, तिचा विचार सुशिक्षित घरांतून अद्याप व्हावा तितका होत नाहीं.

ती किती गंभीर आहे याचें उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा या गांवीं, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या संशयावरून, जमावानें पांच माणसांना ठार मारलें. तीं माणसें नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचीं, भिक्षा मागून पोट भरणारीं होतीं. अशा टोळ्यांविषयींचे निरोप त्यापूर्वीं लोकांच्या फोनवर फिरत होते. त्या सुमारास देशभर पसरलेली एक चित्रफीत तर मुळांत कराचींत मुलांच्या सुरक्षिततेविषयीं लोकांस जागें करण्यासाठीं तयार केलेली होती. मूल परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग कोणीं तरी कापून टाकला, आणि उपदेशासाठीं केलेलें सोंग गुन्ह्याचा पुरावा म्हणून फिरूं लागलें.

असे निरोप पुढें धाडणाऱ्या बहुतेकांच्या मनांत दुष्टावा असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्या माणसांना सावध करावें, हाच हेतु असावा. पण खरी मेख येथेंच आहे. परक्याचें बोलणें आपण पारखून घेतों. काकांनीं किंवा आत्याबाईंनीं पाठविलेलें पारखीत नाहीं. निरोप मूळ कोणीं लिहिला हें ठाऊक नसतें, परंतु पाठविणाऱ्याचें नातें त्याला चिकटतें व त्या नात्याच्या पुण्याईवर तो खरा ठरतो. म्हणून निरोप पुढें धाडणें म्हणजे त्याला जामीन राहणें होय.

वाटेंत कोणी तो तपासून अडवील, ही आशाही व्यर्थ आहे. या साधनावरील निरोप २०१६ पासून कुलूपबंद जातात. पाठविणारा व घेणारा यांच्या मध्यें ते कोणासही वाचतां येत नाहींत. खासगी पत्रव्यवहारास हें योग्यच. पण मग पहारा करावयाचा तो आपणच. हातोहात फार फिरलेल्या निरोपावर दोन बाणांची खूण येते, आणि २०२० पासून असा निरोप एका वेळीं एकाच ठिकाणीं पुढें पाठवितां येतो. ती खूण दिसली कीं समजावें, हा काकांचा शब्द नव्हे. काका त्याच्या वाटेवरील एक मुक्काम आहेत.

वाचून थरकाप होईल किंवा संताप येईल असा निरोप तर मुळींच घाईनें पुढें धाडूं नये. स्थळ, दिवस आणि मूळ सांगणारा हीं तिन्ही सांपडत नसतील, तर तो आपल्यापाशींच संपवावा. चूक उघड झाल्यास नुसता पुसून स्वस्थ बसूं नये; दरम्यान इतरांनीं पुढें पाठविलेल्या प्रती तशाच राहतात. ज्या गटांत चूक गेली त्याच गटांत दुरुस्ती स्पष्ट लिहावी.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र घरांतील मर्यादेची आहे. नातवाला निरोप खोटा असल्याचें कळतें, पण आजोबांना सांगावें कसें, म्हणून तो गप्प बसतो. त्यानें चारचौघांत वडिलांस खोटें पाडूं नये. जवळ बसून मूळ चित्र दाखवावें. आणि वडिलांनींही त्यास उद्धटपणा समजूं नये. त्यांच्या शब्दाची किंमत राखण्यासाठींच तो बोलत असतो.