दोन पंथांचं घर, एकच श्रद्धा

'मिश्र पंथांच्या घरातली मुलं ना इकडची ना तिकडची. चर्चला जातात ती निव्वळ सवयीने,' हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचं मत मला मान्य नाही. माझी आई कॅथलिक, वडील प्रोटेस्टंट. आईबरोबर मिस्सेला जायचं, वडिलांबरोबर मराठी उपासनेला. आईने हाती जपमाळ दिली, वडिलांनी रोज बायबल वाचण्याची शिस्त लावली. यात उणं काय झालं?

प्रार्थना घरीही करता येते, हे खरं. तरी मी चर्चला जाते, कारण तिथे माझं दुःख माझ्या एकटीचं राहत नाही. मेयो रुग्णालयात भरती असलेल्यांची, बारावीला बसलेल्या पोरांची नावं घेऊन मंडळी प्रार्थना करते. आई आजारी पडली तेव्हा वडिलांच्या चर्चमध्ये तिचंही नाव घेतलं गेलं. तिचा पंथ आड आला नाही. ना. वा. टिळकांची गीतं सगळ्यांबरोबर गाताना जो धीर मिळतो, तो एकटीने गुणगुणून मिळत नाही.

शिवाय २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट आदी परंपरांच्या सहा चर्चसंस्था आमच्या नागपुरात एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं. कॅथलिक त्यात नव्हते. पण वेगळ्या रीतींची माणसं एका वेदीपुढे उभी राहू शकतात, हे या शहराने पाहिलं आहे.

अशा घरांतल्या पालकांना एकच विनंती : मुलांना एक बाजू निवडायला लावू नका. दोन्हीकडे न्या.

— एक वाचक, सदर, नागपूर