जिभेचं दावं

कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या पोरांना भेकड म्हणायची आता पद्धतच पडलीय. चळवळीत केस पिकलेले म्हणतात, आमच्या काळी पोरं रस्त्यावर होती, आताची मोबाईलात तोंड खुपसून बसतात. शहाणे प्राध्यापक म्हणतात, या पिढीला राजकीय भान नाही. साफ खोटं. भान नसलेला माणूस भडाभडा बोलून मोकळा होतो. आपला पोरगा चार ओळी लिहितो, तीनदा वाचतो नि पुसून टाकतो. स्टेटसला बाबासाहेबांचा फोटो ठेवतो, खाली एक शब्द लिहीत नाही. तोंड उघडलं की काय काय जातं, याचा हिशेब त्याला तोंडपाठ आहे.

तो हिशेबच मांडू. स्कॉलरशिपचा अर्ज कॉलेजच्या टेबलावरून पुढं सरकतो. हजेरी ७५ टक्के भरली का, ते कॉलेज सांगणार. होस्टेलची खोली दरसाल नव्यानं मागायची. प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात. पीएच.डी.वाल्याची फेलोशिप गाईडच्या सहीवर. वस्तीतली पोरं पहाटे उठून पळतात ती पोलीस भरतीसाठी. तिथं चारित्र्य पडताळणी असते. अंगावर एक केस पडली की पाच वर्षांचं पळणं मातीत. बड्या घरचा पोरगा सापडला तर बाप फोन लावतो, प्रकरण मिटतं. आमच्या पोराचा बाप कुणाला फोन लावणार? मुकादमाला?

पेशवाईत आमच्या गळ्यात मडकं होतं, थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. आज मडकं कुणी बांधत नाही. आज शब्द बाहेर पडू नये म्हणून आमच्याच हक्काच्या पैशाचं दावं करून आमच्या जिभेला बांधलंय. स्कॉलरशिप भीक न्हाई, हक्क हाय. पण हक्क कुणाच्या तरी मर्जीवर मिळायला लागला की त्याचं दावं व्हायला वेळ लागत नाही.

आणि दावं सगळ्यांचं ओढावं लागत नाही. एकाचं ओढलं की सगळा गोठा गप्प. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत रामदास प्रिनी शिवानंदन हा दलित विद्यार्थी पीएच.डी. करत होता. जानेवारी २०२४ मध्ये तो दिल्लीला सरकारविरोधी विद्यार्थी मोर्चात गेला. आनंद पटवर्धनांचा 'राम के नाम' बघा, असं त्यानं लिहिलं. हा सिनेमा काही चोरून काढलेला नव्हे, त्याला राष्ट्रीय पुरस्कार आहे. एप्रिल २०२४ मध्ये संस्थेनं त्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं त्याचा अर्ज फेटाळला. संस्थेचं नाव असलेल्या फलकाखाली मोर्चात गेल्यानं ते संस्थेचं मत वाटतं, असं कोर्टाचं म्हणणं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं, भोगली तेवढी शिक्षा पुरे, असं म्हणून त्याची पीएच.डी.ची वाट मोकळी केली. तोवर वर्ष उलटून गेलं होतं. न्याय पुरा मिळाला की अर्धा, ते वकील सांगतील. मी एवढंच विचारतो, त्या वर्षात किती पोरांनी लिहिलेलं पुसलं असेल? त्याचा निकाल कुठल्या कोर्टात लागणार?

त्याच मे महिन्यात पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या १९ वर्षांच्या मुलीनं ऑपरेशन सिंदूरबद्दल दुसऱ्याची पोस्ट पुढं पाठवली. थोड्याच वेळात काढली, माफीही मागितली. तरी कॉलेजनं तिचं नाव काढलं, पोलिसांनी उचलून येरवड्यात टाकलं. हायकोर्टानं जामीन दिला तेव्हा तिला परीक्षेला बसता आलं. ती आपली कोण लागते, असं विचारणारे आपल्यातही आहेत.

सोलापूरच्या माणसानं तरी येरवड्याचं नाव ऐकून असं विचारू नये. १२ जानेवारी १९३१ ला त्याच तुरुंगात आपल्या गावचे चौघे फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. कुर्बान हुसेन विशीतला पोरगा, 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचा. १९३० च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला तेव्हा डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी माणूस धरायचे. आज त्या चौघांचे पुतळे आहेत, दरसाल हार पडतात. आणि हार घालणारेच पोरांना सांगतात, शिकायला आलात, राजकारण करू नका.

मग राजकारण कुणी करायचं? १९८९ पासून अठराव्या वर्षी मत देता येतं. गॅदरिंगला आमदार चालतो. संस्थाचालक निवडणुकीला उभा राहिला की पत्रकं वाटायला हीच पोरं लागतात. पोरांच्या स्वतःच्या निवडणुका मात्र १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं बंद केल्या आणि मार्कांवर प्रतिनिधी नेमायला सुरुवात केली. २०१६ च्या कायद्यानं त्या परत आणायचं कबूल केलं. २०१९ मध्ये व्हायच्या होत्या, त्याही पुढं ढकलल्या. म्हणजे राजकारण नको असं नाही. पोरांनी दुसऱ्याचं राजकारण उचलावं, स्वतःचं करू नये, एवढंच.

आता आपल्या घरचं. १४ एप्रिलला बुधवार पेठेत डीजेच्या भिंती अशा लागतात की छाती हादरते. त्या आवाजाला कुणी अडवत नाही, कारण तो आवाज कुणाला काही विचारत नाही. त्याच मंडळाच्या वर्गणीचा हिशेब एखाद्या पोरानं मागितला की आपलेच दादा म्हणतात, गप रे, समाजाची बदनामी होते. कॉलेजात सरांना भ्यायचं आणि वस्तीत दादांना. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला पत्र काढलं त्याचं नाव 'मूकनायक' ठेवलं. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'नं छापली नव्हती. ते मुक्यांसाठी होतं, मुक्यांना मुकं ठेवण्यासाठी नव्हतं.

मी मॅट्रिक. मालधक्क्यावर रेक लागली की ५० किलोची पोती वाहतो. कायद्यातलं मला फार कळत नाही, पण धक्क्यावरचं कळतं. एकटा हमाल मजुरीचं बोलला तर मुकादम म्हणतो, उद्यापासून येऊ नको. सगळी टोळी खाली बसली तर रेक उभी राहते, उभ्या रेकचा दंड व्यापाऱ्याच्या माथी बसतो, मग मुकादमाला भाषा समजते. १९६९ चा माथाडी कायदा अशाच एकजुटीतून आला, एकट्याच्या शौर्यातून नाही.

म्हणून एका पोराला 'तू बोल, आम्ही मागं आहोत' म्हणत पुढं ढकलणाऱ्या शूरांचा मला राग येतो. हैदराबादच्या रोहित वेमुलाचे फेलोशिपचे पैसे थांबले, त्याला होस्टेलबाहेर काढलं, तो सोबत्यांबरोबर तंबूत झोपला. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला आणि देशभर मोर्चे निघाले. जिवंत होता तेव्हा त्या तंबूत जाऊन बसणारे किती होते?

दोस्तांनो, एकट्यानं बोलू नका, टोळीनं बोला. पत्रक काढलं तर खाली एक नाव नको, साठ टाका. नोटीस आली तर एकट्यानं ऑफिसात जाऊ नका. आरोप लेखी मागा, वकिलाला दाखवा, उत्तर लेखी द्या. एकाची स्कॉलरशिप अडली तर सगळं होस्टेल समाजकल्याणच्या दारात बसवा. आणि प्रत्येक वस्तीत एक पेटी ठेवा. जयंतीतल्या एका डीजेचं भाडं तिच्यात टाका. निलंबित झालेल्या पोराची खोली नि मेस त्या पेटीतून चालेल. त्याला आधी भाकरीची हमी द्या, मग त्याच्याकडं धाडस मागा.

आमच्या टोळीनं पहिले पाचशे रुपये काढून ठेवलेत. पुढचे कुणाचे?

जय भीम.