हेअर ट्रान्सप्लांटनंतर लावलेले केसच गळाले? घाबरायचं कधी आणि थांबायचं कधी?

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातली शेगाव तालुक्यातली काही गावं देशभरच्या बातम्यांत झळकली. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. काहींना तर तीन-चार दिवसांत टक्कल पडलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं आणि त्यावर भरपूर चर्चा झाली. पुढच्या गोष्टीची मात्र फारशी बातमी झाली नाही. काही आठवड्यांत अनेकांच्या डोक्यावर पुन्हा केस दिसायला लागले.

कारण केस गळाले होते, मुळं मेली नव्हती.

हेअर ट्रान्सप्लांट केलेल्यांनी नेमकी हीच गोष्ट समजून घ्यायला हवी. कारण हजारो रुपये मोजून लावलेले केस महिनाभरात उशीवर पडलेले दिसले, की पहिला विचार येतो तो ‘फसलो’ हाच.

लावलेले केस गळतात कसे?

ट्रान्सप्लांटमध्ये डोक्याच्या मागच्या भागातली केसांची मुळं काढून टक्कल पडलेल्या जागी लावतात. अशा एका तुकड्याला ग्राफ्ट म्हणतात आणि त्यात साधारण एक ते चार केस असतात. मागचे केस सहसा टिकून राहतात आणि जागा बदलली तरी आपला हा गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये हे मांडलं. आजची सगळी सर्जरी त्याच पायावर उभी आहे.

पण मूळ उपटून दुसरीकडे लावलं की त्याला धक्का बसतो. ते वरचा केस टाकून देतं आणि विश्रांतीत जातं. ही विश्रांती साधारण तीन महिन्यांची असते. मिरचीचं रोप वाफ्यातून काढून शेतात लावलं की आधी मान टाकतं, मग जीव धरतं. तसंच हे.

कोणत्या महिन्यात काय होतं?

- पहिले १० ते १४ दिवस: खपल्या धरतात आणि गळून पडतात. कपाळावर, डोळ्यांभोवती सूज येऊ शकते. ग्राफ्ट पक्के होण्याचा हाच काळ, त्यामुळे खाजवणं, खपली ओढणं बंद.
- दुसरा ते आठवा आठवडा: लावलेले बरेचसे केस गळतात. आजूबाजूचे जुने केसही काही काळ पातळ होऊ शकतात. म्हणून सर्जरीच्या आधीपेक्षाही अवतार वाईट दिसतो.
- तिसरा-चौथा महिना: बारीक, विरळ, कधी वाकडेतिकडे केस डोकवायला लागतात.
- सहावा महिना: फरक दिसतो, पण चित्र अर्धंच असतं.
- बारावा महिना: बहुतेक निकाल समोर येतो. टाळूच्या मागच्या भोवऱ्याला दीड वर्षही लागू शकतं.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटरच वाढतो. चौथ्या महिन्यात उगवलेला केस विंचरण्याइतका व्हायलाही वेळ लागणारच. जूनमध्ये लावलेल्या कपाशीची वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होते. केसांचं पीक त्याहून उशिराचं आहे.

मग रील्समध्ये एवढं झटपट कसं दिसतं?

कारण रीलमध्ये ‘आधी’ आणि ‘नंतर’ असतं, मधलं वर्ष नसतं. तिसऱ्या महिन्यातला फोटो कोणी जाहिरातीला वापरत नाही. त्यात प्रकाश, केसांची ठेवण आणि केस दाट दाखवणारी पावडर यांचाही हात असतो.

दुसरी मोठी गल्लत म्हणजे ट्रान्सप्लांटने नवे केस तयार होतात हा समज. केस फक्त जागा बदलतात, मागचा साठा मर्यादितच असतो. त्यामुळे विशीतल्या दाट केसांची अपेक्षा धरली, तर उत्तम झालेली सर्जरीही अपयशच वाटेल. शिवाय न लावलेले मूळचे केस पुढेही गळत राहू शकतात. त्यासाठीची औषधं डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

या अधीरतेचा तोटा खिशालाही होतो. तिसऱ्या महिन्यात घाबरून माणूस महागडी तेलं, इंजेक्शनं, कधी दुसरी सर्जरी विकत घेतो. पहिल्या सर्जरीचा निकाल मात्र अजून लागलेलाच नसतो.

कुठे अजिबात थांबायचं नाही?

धीर केसांच्या बाबतीत धरायचा, त्रासाच्या बाबतीत नाही. वाढत जाणारं दुखणं, पू, ताप, त्वचेवर काळपट पडत जाणारा डाग यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चेहरा-घसा सुजून श्वास लागत असेल तर थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

मार्च २०१९ मध्ये मुंबईत ट्रान्सप्लांटनंतर दोन दिवसांत एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाचा मृत्यू झाला. त्यांना चेहऱ्यावर सूज आणि श्वासाचा त्रास झाला होता. एकाच बैठकीत नऊ हजारांहून जास्त ग्राफ्ट लावल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. २०२५ मध्ये कानपूरमधले दोन इंजिनिअर्सचे मृत्यू गाजले.

सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्जरीचं रीतसर प्रशिक्षण असलेल्या डॉक्टरांनीच ट्रान्सप्लांट करावं, वर्कशॉप किंवा यूट्यूब बघून शिकणं पुरेसं नाही, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे ‘सर्जरी कोण करणार, त्यांची डिग्री काय?’ हे विचारणं आगाऊपणा नाही, तुमचा हक्क आहे.

पुसदच्या माणसाने काय लक्षात ठेवावं?

पुसदसारख्या तालुक्याच्या गावातून अशा सर्जरीसाठी बहुधा नागपूर, पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागतं. सर्जरी एका दिवसात होते, पुढचं वर्ष मात्र घरी काढायचं असतं आणि डॉक्टर व्हॉट्सॲपवर असतात. म्हणून निघण्याआधी तीन गोष्टी हातात घ्या: किती ग्राफ्ट लावले आणि कोणती औषधं दिली याचा कागद, अडचण आली तर उचलला जाईल असा फोन नंबर आणि पुढच्या तपासण्यांच्या तारखा. रात्री ताप चढला तर पुसदच्या किंवा यवतमाळच्या मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना याच कागदाचा आधार असेल.

हेल्मेट, शेतातली धूळ आणि वैशाखातलं ऊन यांपासून सुरुवातीला डोकं जपावं लागतं. हेल्मेट कधीपासून घालायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारा. भावाचं लग्न दोन महिन्यांवर असेल, तर सर्जरी लग्नानंतरच केलेली बरी.

आणि रोज आरसा बघून हिशोब लावू नका. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढा. निकाल बाराव्या महिन्याच्या फोटोवरून ठरवा, तिसऱ्या नाही.